वॉल स्ट्रीटचा पक्ष कोणता?

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर रेनेसाँ टेक्नॉलॉजीज नावाची एक हेज फंड कंपनी आहे. श्रीमंतांचा पैसा घेऊन तो बाजारात खेळवायचा आणि नफ्यात वाटा घ्यायचा, हा हेज फंडाचा धंदा. या कंपनीत ते काम गणितज्ञ आणि संगणकतज्ज्ञ करतात. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथून दोन्ही पक्षांकडे पैशाचे लोट गेले. कंपनीचे संस्थापक जेम्स सायमन्स हे डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक होते. त्यांच्यानंतर कंपनी चालवणाऱ्या दोघांपैकी एक, रॉबर्ट मर्सर, यांनी आधी टेड क्रूझ आणि मग डोनाल्ड ट्रम्प या रिपब्लिकनांमागे कोट्यवधी डॉलर उभे केले.

दोघांची संपत्ती एकाच तिजोरीतून आलेली, धंदा एकच, कराचे नियमही तेच. राजकारण निव्वळ खिशावरून ठरत असतं तर हे दोघे एकाच पक्षात दिसायला हवे होते.

अमेरिकेत श्रीमंतांचा पक्ष कोणता, याची दोन तयार उत्तरं मिळतात. जुनं उत्तर रिपब्लिकन, कारण तो करकपातीचा पक्ष. नवं उत्तर डेमोक्रॅट, कारण मॅनहॅटन, सॅन फ्रान्सिस्को आणि हॉलीवूड त्यांच्याकडे. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचे आकडे काढून दाखवतात आणि ते आकडे बहुधा खोटेही नसतात. घोळ होतो तो चार वेगळ्या मंडळींना एकाच पोत्यात भरल्यामुळे. मोठ्या पगाराचा वकील किंवा डॉक्टर, कंपनीची अधिकृत राजकीय समिती, फंड चालवणारा भागीदार आणि स्वतःच्या नावाने चेक फाडणारा अब्जाधीश, या चौघांची निष्ठा चार वेगळ्या कारणांनी ठरते.

पहिल्याचं चटकन सांगून टाकतो. १९८० च्या दशकात उत्पन्न वाढत जाईल तसं मत रिपब्लिकन पक्षाकडे झुकत असे. आता शिक्षणाचं वजन उत्पन्नापेक्षा जास्त पडतं. २०२४ च्या मतदानोत्तर पाहण्यांत वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा अधिक घरगुती उत्पन्न असलेल्यांत कमला हॅरिस थोड्या पुढे होत्या आणि पन्नास हजारांच्या खालच्या गटात ट्रम्प थोडे पुढे होते. ‘डेमोक्रॅट हाच आता श्रीमंतांचा पक्ष’ असं म्हणणारे या आकड्यावर उभे असतात. पण एक लाख डॉलर म्हणजे बऱ्याचदा नोकरी करणारं एखादं जोडपं. ते निवडणुकीत मत देतं. निवडणूक विकत घेण्याचा आरोप त्याच्यावर कुणी करत नाही.

पैसा कोणत्या वाटेने जातो

उरलेल्या तिघांकडे वळण्याआधी थोडा कायदा बघावा लागेल. कंपनीने केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला थेट पैसे देण्यावर अमेरिकेत १९०७ पासून बंदी आहे. व्यक्तीला उमेदवाराला पैसे देता येतात, पण मर्यादेत. २०२४ च्या निवडणुकीत ही मर्यादा ३,३०० डॉलर होती. पक्षांतर्गत निवडणूक वेगळी आणि मुख्य निवडणूक वेगळी धरतात. कंपनीला हवं तर ती कर्मचाऱ्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून एक राजकीय समिती चालवू शकते. तिला ‘पॅक’ म्हणतात. एका उमेदवाराला एका निवडणुकीत पाच हजार डॉलर, ही पॅकची कमाल.

मग कोटी-कोटी डॉलरच्या बातम्या कुठून येतात? २०१० मधल्या दोन निकालांतून. ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपन्या आणि संघटना उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचारावर कितीही खर्च करू शकतात, कारण तो अभिव्यक्तीचा भाग आहे. पाठोपाठ वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ‘स्पीचनाऊ’ खटल्यात असा स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटांना मिळणाऱ्या देणगीवरचीही मर्यादा काढून टाकली. यातून ‘सुपर पॅक’ जन्माला आला. उमेदवाराच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, त्याच्याशी संगनमत करायचं नाही, एवढी अट. बाकी वाटेल तेवढी जाहिरात करा. ही अट किती पाळली जाते यावर वॉशिंग्टनमध्ये विनोद होतात, आणि ते फारसे चुकीचे नसतात.

आता एक बारीक गोष्ट, जी बातम्यांमध्ये नेहमी हरवते. दोनशे डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव, व्यवसाय आणि मालक कोण, ही माहिती केंद्रीय निवडणूक आयोगाकडे नोंदवावी लागते. ‘गोल्डमन सॅक्सने ओबामांना दहा लाख डॉलर दिले’ असा मथळा वाचलात तर त्याचा अर्थ बँकेने दिले असा नसतो, ते बँकेला मनाईच आहे. तिथे काम करणाऱ्या शेकडो लोकांनी आपापल्या खिशातून दिलेल्या रकमांची ती बेरीज असते, फार तर पॅकचे पैसे त्यात मिळवलेले.

कंपनीच्या पॅकचं वागणं सगळ्यांत कमी गूढ असतं. ते आज जे निवडून आलेले आहेत त्यांना देतात, ज्या समितीत आपला कायदा अडकलेला आहे तिच्या सदस्यांना देतात, आणि सभागृह ज्या पक्षाकडे असेल त्याच्याकडे पारडं थोडं झुकवतात. दोन्ही डगरींवर हात. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतरही १४७ रिपब्लिकन लोकप्रतिनिधींनी निकालावर आक्षेप घेत मत दिलं, तेव्हा अनेक मोठ्या कंपन्यांनी त्यांच्या देणग्या थांबवल्याचं गाजावाजा करून जाहीर केलं. पुढे त्यातल्या बऱ्याच पॅकनी देणग्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा मात्र गाजावाजा झाला नाही. याला निष्ठा म्हणण्यात अर्थ नाही. हा विम्याचा हप्ता आहे.

सोन्यापासून दारूपर्यंत

फंडवाले आणि अब्जाधीश यांच्या बाबतीत मात्र खरीखुरी पक्षनिष्ठा असते आणि ती बदलतेही. का बदलते, हे जुन्या गोष्टींतून अधिक स्वच्छ दिसतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष होता ऑगस्ट बेलमाँट, न्यूयॉर्कमधला, युरोपातल्या रॉथ्सचाइल्ड या बँकर घराण्याचा प्रतिनिधी असलेला बँकर. त्याच वेळी फिलाडेल्फियाचा बँकर जे कुक लिंकन सरकारचे युद्धरोखे गावोगाव विकत होता आणि त्याचे लागेबांधे रिपब्लिकनांशी होते. म्हणजे बँकरांचे दोन पक्ष ही काही आजची नवलाई नाही.

१८९६ मध्ये मात्र जवळपास सगळे एका बाजूला गेले. डेमोक्रॅट उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन सोन्याच्या जोडीला चांदीची नाणीही मुक्तपणे पाडू द्या अशी मागणी करत होता. चलनात चांदी आली की पैसा मुबलक होणार, भाव वाढणार आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं ओझं हलकं होणार. ज्याने कर्ज दिलंय त्याचं मात्र नुकसान. इथे बँकर डेमोक्रॅट आहे की रिपब्लिकन हा प्रश्नच उरला नाही. ब्रायनच्या विरोधात रिपब्लिकन उमेदवार मॅककिन्लीसाठी मार्क हॅना या क्लीव्हलँडच्या उद्योगपतीने सुमारे ३५ लाख डॉलर उभे केले. बँकांकडून त्याने भांडवलाच्या पाव टक्का अशी वर्गणी ठरवूनच मागितली. स्टँडर्ड ऑइलने एकट्याने अडीच लाख दिले. सोन्याच्या चलनाला चिकटून राहिलेल्या डेमोक्रॅटांनी तर पक्ष फोडून वेगळा उमेदवारच उभा केला. कंपन्यांवर १९०७ ची बंदी आली ती अशा पैशाबद्दल पुढची दहा वर्षं खदखदत राहिलेल्या रागातून.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट जॉन रास्कॉबची आहे. हा जनरल मोटर्सचा वित्तप्रमुख, ड्यूपाँ या उद्योगपती घराण्याचा खास माणूस आणि रिपब्लिकन म्हणून नोंद असलेला. १९२८ मध्ये तो अचानक डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष झाला. कारण होतं दारूबंदी. डेमोक्रॅट उमेदवार अल स्मिथ बंदी उठवण्याच्या बाजूचा होता. रास्कॉब आणि पिएर ड्यूपाँ यांना बंदी व्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला वाटत होती, आणि तिच्या पोटात एक हिशेबही होता. दारू कायदेशीर झाली तर तिच्यावरचा कर तिजोरीत येईल आणि प्राप्तिकर कमी करता येईल.

डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली. उठली तेव्हा सत्तेवर होते फ्रँकलिन रूझवेल्ट. त्यांनी दारूवरचा कर घेतला, वर श्रीमंतांचा प्राप्तिकरही वाढवला, आणि १९३६ साली वरचा दर ७९ टक्क्यांवर होता. १९३४ मध्येच रास्कॉब, ड्यूपाँ बंधू आणि खुद्द अल स्मिथ रूझवेल्टविरोधी ‘लिबर्टी लीग’मध्ये एकत्र बसलेले दिसतात. दोन वर्षांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या सभेत रूझवेल्टनी या मंडळींचा द्वेष आपल्याला मान्य आहे, नव्हे, आपण त्याचं स्वागतच करतो, असं ठणकावलं आणि निवडणूक प्रचंड फरकाने जिंकली. पण म्हणून सगळे धनिक विरोधात होते असं नाही. शेअर बाजारात गडगंज झालेला जोसेफ केनेडी रूझवेल्टच्या बाजूने होता, आणि बाजारावर देखरेख करणाऱ्या नव्या आयोगाचा पहिला अध्यक्ष तोच झाला.

धनाढ्य माणूस बहुतेक वेळा सगळा जाहीरनामा वाचून पक्ष निवडत नाही. एखादा मुद्दा त्याच्या डोक्यात किंवा धंद्यात रुतलेला असतो आणि तो ज्या पक्षातून सुटेल असं वाटतं तिकडे तो जातो. मुद्दा सुटला, किंवा पक्षाने बाकीचं बिल पुढे केलं, की तो परत फिरतो.

एकच बँक, दोन सरकारं

गोल्डमन सॅक्सची माणसं बघा. सहअध्यक्ष रॉबर्ट रुबिन डेमोक्रॅट क्लिंटन यांचे अर्थमंत्री झाले. मुख्याधिकारी हँक पॉलसन रिपब्लिकन बुश यांचे. माजी भागीदार स्टीव्हन मनूचिन ट्रम्प यांचे. बँकेचे अध्यक्ष गॅरी कोन नोंदणीकृत डेमोक्रॅट असूनही ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत आर्थिक सल्लागार होते. आणि बायडन काळात ज्यांच्यावर क्रिप्टोवाले, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांचा धंदा करणारे, सर्वांत जास्त भडकले होते ते शेअर बाजार आयोगाचे प्रमुख गॅरी गेन्सलर, तेही गोल्डमनचेच जुने भागीदार. यातून कुणी गुप्त कटाचा वास घेतं. मला त्यात जास्त साधी गोष्ट दिसते: दोन्ही पक्षांना बाजार कळणारी माणसं हवी असतात आणि ती एकाच गल्लीत मिळतात. परिणाम मात्र असा, की अर्थमंत्रालयात कोणत्याही पक्षाचं सरकार आलं तरी बँकेची भाषा बोलणारा कुणीतरी सापडतोच.

धनिकांचा राग-लोभ किती लवकर बदलतो याचा अलीकडचा नमुना म्हणजे ओबामा. २००८ मध्ये वॉल स्ट्रीटवरून, म्हणजे न्यूयॉर्कच्या बँका आणि फंडांच्या जगातून, त्यांना रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांच्यापेक्षा जास्त पैसा मिळाला. गोल्डमनचे कर्मचारी त्यात आघाडीवर होते. पुढे बँका कोसळल्या, सरकारी पैशाने उभ्या राहिल्या, आणि बोनस वाटू लागल्या. डिसेंबर २००९ मध्ये ओबामांनी दूरचित्रवाणीवर त्यांना ‘गलेलठ्ठ’ म्हटलं, २०१० मध्ये बँकांवर बंधनं घालणारा डॉड-फ्रँक कायदा आला. २०१२ मध्ये गोल्डमनवाल्यांचा ओघ रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांच्याकडे वळला. ब्लॅकस्टोन या प्रायव्हेट इक्विटी (कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्यात विकणाऱ्या) कंपनीचे स्टीव्हन श्वार्झमन यांनी तर ओबामांच्या एका करप्रस्तावाची तुलना १९३९ मधल्या हिटलरच्या पोलंडवरील स्वारीशी केली आणि नंतर माफी मागितली. त्याच ब्लॅकस्टोनचे त्या वेळचे अध्यक्ष टोनी जेम्स मात्र डेमोक्रॅटांसाठी पैसा गोळा करत होते.

ज्या करावरून हिटलर आठवला तो समजून घेण्यासारखा आहे, कारण इथेच घोडं पेंड खातं. फंड चालवणारा दुसऱ्यांचा पैसा गुंतवतो आणि नफ्यातला साधारण वीस टक्के वाटा स्वतः घेतो. हा वाटा त्याच्या कामाचा मोबदला. पण कायद्यात तो भांडवली नफा धरला जातो. पगारावर सर्वांत वरचा कर ३७ टक्के आणि दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर २०, वर ३.८ टक्क्यांचा अधिभार. या सवलतीला ‘कॅरीड इंटरेस्ट’ म्हणतात. ओबामांनी ती काढायचं वचन दिलं होतं. प्रतिनिधीगृहाने मंजुरीही दिली, सिनेटमध्ये विषय मेला. २०१५ मध्ये ट्रम्प म्हणाले, हेज फंडवाले फुकटात सुटतायत. २०१७ च्या त्यांच्या करकायद्यात एवढंच झालं की सवलतीसाठी गुंतवणूक एक वर्षाऐवजी तीन वर्षं ठेवण्याची अट आली. २०२२ मध्ये डेमोक्रॅटांनी पुन्हा प्रयत्न केला. सिनेटमध्ये ५०-५० अशी स्थिती होती, आणि त्यांच्याच पक्षाच्या, ॲरिझोनाच्या सिनेटर कर्स्टन सिनेमा यांनी ते कलम काढायला लावलं. २०२५ च्या सुरुवातीला ट्रम्प यांनी पुन्हा ही सवलत रद्द करण्याची घोषणा केली, आणि जुलैमध्ये सही झालेल्या कायद्यात ती शाबूत राहिली.

दोन्ही पक्षांचे चार प्रयत्न, आणि सवलत जागच्या जागी. म्हणून वॉल स्ट्रीटचा पक्ष शोधताना मी देणग्यांच्या यादीपेक्षा अशा कलमांकडे जास्त लक्ष देतो. जे कलम दोन्ही सरकारांच्या राज्यात टिकतं, त्याच्यामागे उभ्या असलेल्या लोकांना पक्ष बदलायची गरजच नसते.

डेमोक्रॅटांचंही एक दुखरं ठिकाण आहे. २०१७ च्या कायद्याने केंद्राचा प्राप्तिकर काढताना मिळणारी राज्य आणि स्थानिक करांची वजावट जास्तीत जास्त दहा हजार डॉलरवर आणली. याचा चटका न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा जास्त कराच्या, डेमोक्रॅटांच्या राज्यांतल्या पैसेवाल्यांना बसला. आणि मग गरिबांचे कैवारी म्हणवणारे काही डेमोक्रॅट ही मर्यादा उठवण्यासाठी अडून बसले. २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात त्यांनी ती ८० हजारांपर्यंत नेण्याचं विधेयक मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते अडकलं. शेवटी २०२५ मध्ये ती ४० हजार झाली, रिपब्लिकनांच्या कायद्यात, त्याच राज्यांतल्या मूठभर रिपब्लिकनांच्या हट्टामुळे.

सिलिकॉन व्हॅलीचं वळण

तंत्रज्ञानातल्या धनिकांची जात जरा वेगळी. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी कंपन्यांच्या संस्थापकांची पाहणी केली. ही मंडळी श्रीमंतांवर कर वाढवायला तयार होती, स्थलांतर आणि समलिंगी विवाहाच्या बाजूची होती. पण सरकारी नियमन आणि कामगार संघटना म्हटल्या की त्यांची मतं रिपब्लिकनांसारखी होत. हे वाचल्यावर २०२४ चं वळण फार अचानक वाटत नाही. बायडन सरकारने क्रिप्टो आणि मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणावर नियमन कडक केलं, न विकलेल्या शेअरच्या वाढलेल्या किमतीवरही कर लावायचा विचार मांडला, आणि २०१६ मध्ये क्लिंटन यांच्या बाजूने असलेले गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन ट्रम्प यांच्याकडे गेले. इलॉन मस्क यांनीही आपण आधी डेमोक्रॅटांना मत देत होतो असं सांगितलेलं आहे. २०२४ मध्ये त्यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकनांसाठी २५ कोटी डॉलरहून अधिक ओतले. जून २०२५ मध्ये दोघांचं जाहीर भांडण झालं आणि जुलैत मस्क यांनी स्वतःच्या तिसऱ्या पक्षाची घोषणा केली.

त्या मानाने क्रिप्टो उद्योग फार थंड डोक्याने खेळला. २०२४ मध्ये त्यांच्या ‘फेअरशेक’ या सुपर पॅकने ओहायोत सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष असलेल्या डेमोक्रॅट शेरॉड ब्राउन यांना पाडण्यासाठी सुमारे चार कोटी डॉलर खर्च केले. ब्राउन पडले. याच गटाने ॲरिझोना आणि मिशिगनमध्ये डेमोक्रॅट उमेदवारांच्या बाजूने प्रत्येकी एक कोटीच्या आसपास ओतले आणि ते दोघे निवडून आले. पुढच्या वर्षी क्रिप्टोचा कायदा सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झाला, त्यात डेमोक्रॅटांची १८ मतं होती.

पैशाने सगळंच मिळतं असा समज करून घ्यायचं कारण नाही. मायकेल ब्लूमबर्ग आधी डेमोक्रॅट, २००१ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर होण्यासाठी रिपब्लिकन, २००७ मध्ये अपक्ष, २०१८ मध्ये पुन्हा डेमोक्रॅट. २०२० मध्ये त्यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी स्वतःचे शंभर कोटींहून अधिक डॉलर खर्च केले. पक्षांतर्गत निवडणुकीत ते फक्त एका ठिकाणी जिंकले, पॅसिफिकमधल्या अमेरिकन सामोआ या बेटांवर.

आणि आतापर्यंत सांगितलं ते सगळं उजेडातल्या पैशाचं. क्रिप्टोचे सम्राट म्हणवणारे सॅम बँकमन-फ्रीड २०२२ मध्ये डेमोक्रॅटांच्या सर्वांत मोठ्या देणगीदारांत गणले जात. कंपनी बुडाल्यावर त्यांनीच एका मुलाखतीत सांगितलं, की रिपब्लिकनांनाही आपण साधारण तेवढेच दिले होते, फक्त नाव येणार नाही अशा वाटेने. ही वाट म्हणजे ‘समाजकल्याण’ संस्था म्हणून नोंद असलेल्या, देणगीदारांची नावं जाहीर न करणाऱ्या संघटना. दोन्ही पक्षांना ती प्रिय आहे. डेमोक्रॅटांच्या बाजूच्या ‘सिक्स्टीन थर्टी फंड’ने २०२० या एका वर्षात ४१ कोटी डॉलर खर्च केले. दुसऱ्या बाजूला, शिकागोच्या एका उद्योगपतीने आपली आख्खी कंपनी विकण्याआधी एका उजव्या ट्रस्टला देऊन टाकली. विक्रीतून ट्रस्टला सुमारे १६० कोटी डॉलर मिळाले, त्यावरचा भांडवली नफ्याचा कर कुणालाच भरावा लागला नाही, आणि हा व्यवहार वर्तमानपत्रांनी ऑगस्ट २०२२ मध्ये खणून काढेपर्यंत देणगीदारांच्या कोणत्याही यादीत तो दिसत नव्हता.